लाडवांचा डबा आणि दोन कागद

जून उजाडला की आपल्या मंडळातल्या चार-सहा घरांत लगीनघाई सुरू होते. मुलगा किंवा मुलगी पहिल्यांदाच घर सोडून कॉलेजच्या डॉर्ममध्ये राहायला निघालेली असते. लांब मापाच्या चादरी, शॉवरच्या चपला, इवलासा फ्रिज, मेतकूट, दाण्याची चटणी, लाडवांचा डबा! आमच्याकडे 2022 साली ही यादी दोन पानी झाली होती. मागच्या काचेतून काही दिसेना इतकी गाडी भरून आम्ही एडिसनहून आठ तासांवर, ओहायोतल्या कॉलेजात चिरंजिवांना पोचवून आलो. त्या दोन पानी यादीत काय राहिलं होतं, ते सहा महिन्यांनी कळलं. यंदा ज्यांची मुलं निघाली आहेत त्यांच्यासाठी हा लेखनप्रपंच.

2023 च्या फेब्रुवारीतली गोष्ट. गुरुवारी रात्री साडेअकरा वाजता मुलाच्या रूममेटचा फोन आला. आठवडाभर ह्याचा घसा दुखत होता. (आम्हाला फोनवर फक्त ‘आय ॲम फाइन’ ऐकू येत होतं.) त्या रात्री पाणीसुद्धा गिळवेना, ताप 103, म्हणून त्या बिचाऱ्याने ह्याला स्वतःच्या गाडीत घालून इमर्जन्सीत नेऊन सोडलं होतं. मुलाच्या फोनची बॅटरी संपलेली. मी थेट हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी नाव आणि जन्मतारीख विचारली, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “तो अठरा पूर्ण आहे. तो इथे आहे की नाही, हेसुद्धा मी तुम्हाला सांगू शकत नाही.”

मी आई आहे, इन्शुरन्स आमचा आहे, बिल आम्हीच भरणार आहोत, सगळं सांगून झालं. उपयोग शून्य.

माझ्या पोटात गोळा आला होता तो वेगळ्याच कारणाने. चार वर्षांचा असताना ॲमॉक्सिसिलिनच्या दुसऱ्याच डोसाला ह्याच्या अंगभर गांधी उठल्या होत्या, ओठ सुजले होते. तेव्हापासून पेनिसिलिनच्या जातीचं औषध ह्याला द्यायचं नाही, हे मी डॉक्टरांच्या प्रत्येक फॉर्मवर लिहीत आले. मी लिहीत आले, त्याने कधीच लिहिलं नाही. आणि घसा दुखतो म्हणून आलेल्या मुलाला स्ट्रेप असेल तर पहिलं औषध कोणतं देतात? पेनिसिलिन नाहीतर ॲमॉक्सिसिलिन!

शेवटी मी त्या बाईंना म्हटलं, “तुम्ही मला काहीच सांगू नका. मी सांगते ते फक्त लिहून घ्या आणि डॉक्टरांना द्या.” त्यांनी लिहून घेतलं. दोन तासांनी, कुणाचा तरी चार्जर मिळाल्यावर, मुलाचा फोन आला. त्याने फॉर्मवर चक्क ‘ॲलर्जी : नाही’ असं लिहून दिलं होतं! विचारलं तर म्हणतो, “मला वाटलं, मांजराची वगैरे विचारतायत.” हसावं की रडावं कळेना. अठरा वर्षं मी काळजी घेतली, पण ती काळजी त्याच्या हाती सोपवायची राहूनच गेली.

निदान झालं ‘मोनो’ असं. हा विषाणूचा आजार, लाळेतून पसरणारा, त्यामुळे अँटिबायोटिकचा त्याला उपयोग नाही. (ह्याला इथे ‘किसिंग डिसीज’ म्हणतात म्हणून आमच्या नणंदबाईंनी भुवया उंचावल्या. पण एकाच बाटलीतून चौघांनी पाणी प्यायलं तरी तेवढं पुरतं!) गंमत म्हणजे, मोनो झालेल्याला ॲमॉक्सिसिलिन दिलं तर ॲलर्जी नसतानाही अंगावर पुरळ उठू शकतं. ह्या आजारात प्लीहा सुजते आणि पोटावर मार बसल्यास ती फुटण्याचा धोका असतो, म्हणून निदान तीन-चार आठवडे धक्काबुक्कीचे खेळ आणि व्यायामशाळा बंद. थकवा मात्र कित्येक आठवडे रेंगाळला. सहामाहीतला एक विषय सोडून द्यावा लागला.

पुढे मी ह्या कायद्याच्या मागेच लागले. रुग्णाच्या माहितीच्या गुप्ततेचा हा कायदा 1996 चा, ‘हिपा’ नावाचा. बहुतेक राज्यांत अठरावा वाढदिवस झाला की मुलाच्या प्रकृतीची माहिती त्याची स्वतःची होते. तो तुमच्या इन्शुरन्सवर असला तरी त्यात फरक पडत नाही. कॉलेजच्या कागदपत्रांना आणि मार्कांना वेगळा कायदा आहे, तो 1974 चा. पण कायदा वाटतो तितका आडमुठा नाही. रुग्णाने तोंडी हो म्हटलं तरी डॉक्टर घरच्यांशी बोलू शकतात. तो बेशुद्ध असेल, तर त्याच्या हिताचं काय ते ठरवून बोलायची मुभा डॉक्टरांना आहे. आणि घरच्यांनी सांगितलेली माहिती ऐकून घ्यायला तर कायद्याची आडकाठी मुळीच नाही. फक्त मध्यरात्री फोनवरचा अनोळखी आवाज ऐकला की काउंटरवरचा माणूस ‘नाही’ म्हणणं पसंत करतो. त्याचंही चुकत नाही म्हणा. उद्या कुणीही ‘मी आई बोलते’ म्हणेल.

ह्याला इलाज दोन कागदांचा. एक, माहिती देण्याची संमती, म्हणजे हिपा रिलीज. कॉलेजच्या हेल्थ सेंटरचा स्वतःचा असा फॉर्म बहुधा असतो. तो वेगळा भरावा लागतो. त्यात काय सांगायचं आणि काय नाही, हे मुलाला ठरवता येतं, आणि ते त्याला ठरवू द्यावं. दुसरा कागद हेल्थ केअर प्रॉक्सीचा : मी स्वतः निर्णय घेऊ शकलो नाही तर अमुक व्यक्तीने घ्यावा. राज्याराज्यांत ह्याचं नाव आणि नियम बदलतात. आपल्या न्यू जर्सीत दोन प्रौढ साक्षीदार किंवा नोटरी चालतो. ज्याला नेमलं त्यालाच साक्षीदार मात्र होता येत नाही. कॉलेज परराज्यात असेल तर त्या राज्याचाही फॉर्म भरून ठेवलेला बरा. वकिलाची गरज पडतेच असं नाही, फॉर्म फुकट मिळतात. सह्या झाल्या की फोटो काढून मुलाच्या आणि तुमच्या फोनमध्ये ठेवा. कपाटातल्या फाइलचा रात्री साडेअकराला काही उपयोग नाही.

आता पैशाची बाजू, आणि इथे चूक सर्वस्वी आमची. कॉलेज स्वतःचा हेल्थ इन्शुरन्स बिलात लावून पाठवतं आणि ‘आमचा आहे’ असं दाखवलं की तो माफ होतो. ह्याला वेव्हर म्हणतात. 2010 च्या कायद्याने मुलांना 26 वर्षांपर्यंत आईवडिलांच्या प्लॅनवर राहता येतं, म्हणून ह्यांनी पाच मिनिटांत वेव्हर भरला आणि अडीच हजार डॉलर वाचवल्याच्या आनंदात आम्ही बाहेर जेवायला गेलो.

आमचा प्लॅन होता न्यू जर्सीच्या नेटवर्कपुरता. परराज्यात फक्त इमर्जन्सी. ती रात्र त्यात बसली. 2022 पासून लागू झालेल्या कायद्यामुळे नेटवर्कबाहेरच्या इमर्जन्सीचं अवाच्या सवा बिलही अंगावर आलं नाही. (हा कायदा रस्त्यावरच्या ॲम्ब्युलन्सला मात्र लागू नाही, हे लक्षात असू द्या. रूममेटच्या गाडीने आमचे केवढे पैसे वाचवले!) पण त्यानंतरच्या रक्ताच्या चाचण्या, दोनदा तपासणी, प्लीहेची सोनोग्राफी, ह्यातलं काहीच इमर्जन्सी नव्हतं. सगळं नेटवर्कबाहेर, अकराशे चाळीस डॉलर पदरचे. त्यातून हेल्थ सेंटरची फी आपण भरतोच, मग तिथे सगळं फुकट, असाही आमचा समज होता. डॉक्टरांनी पाहणं त्या फीमध्ये होतं, लॅब नव्हती.

म्हणून वेव्हर भरण्याआधी इन्शुरन्स कंपनीला फोन करा आणि कॉलेजच्या गावाचा झिप कोड देऊन विचारा, इथे नेटवर्कमध्ये कोण डॉक्टर आहे, कोणती लॅब आहे, मानसोपचार आहेत का, आणि इमर्जन्सी नसेल तर किती देणार? तुमचा डिडक्टिबल मोठा असेल तर कॉलेजच्या प्लॅनशी वजाबाकी करून बघा. आम्ही पुढच्या वर्षी कॉलेजचा प्लॅन घेतला. वेव्हरची तारीख बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरात असते आणि ती चुकली की वर्षाचं बिल पक्कं. भारतातून शिकायला येणाऱ्या भाचे-पुतण्यांनाही कॉलेजचे नियम वाचूनच इन्शुरन्स घ्यायला सांगा. पुण्याहून एमएस करायला आलेल्या आमच्या भाच्याची टीबीची त्वचेची चाचणी पॉझिटिव्ह आली आणि पोरगा हादरला. लहानपणच्या बीसीजीमुळे तसं होऊ शकतं. रक्ताच्या चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. तीच मागून घ्यावी.

एक नाजूक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं, पण लिहितेच. मूल तुमच्या इन्शुरन्सवर असलं की कुठे दाखवलं, त्याचा कागद पॉलिसीधारकाच्या नावाने घरी येतो. मंडळाशी संबंध नसलेल्या माझ्या ओळखीच्या एका मुलीला झोप लागत नव्हती, वर्गात जाववत नव्हतं. बाबा तो कागद बघतील ह्या भीतीने ती सहा महिने कुणाकडेच गेली नाही. कॉलेजच्या कौन्सेलिंग सेंटरमध्ये बहुतेक ठिकाणी इन्शुरन्स लागतच नाही, हे तिला माहीत नव्हतं. मुलं निघायच्या आधी त्यांना एवढं सांगून ठेवा : असा कागद आला तर आम्ही उलटतपासणी घेणार नाही. आणि म्हटल्याप्रमाणे वागा. जुलै 2022 पासून देशभर 988 हा नंबर सुरू झाला आहे. मनाची अवस्था हाताबाहेर जात असेल तर दिवसा-रात्री कधीही तिथे फोन किंवा टेक्स्ट करता येतो. तो मुलांच्या फोनमध्ये हवाच, आणि आपल्याही असावा.

आमची धाकटी यंदा निघते आहे. गेल्या महिन्यात डॉक्टरांकडे तिने फॉर्म स्वतः भरला. मी शेजारी हाताची घडी घालून बसले होते, आणि ते फार जड गेलं! आजी-आजोबांच्या मधुमेहाचा रकाना तिने मला विचारून भरला. मेनिंजायटिसच्या लशीचा दाखला डॉर्मसाठी लागतो, तो तिनेच फोन करून मागवला. बी प्रकारची लस त्यात नसते, ती वेगळी, हेही तिनेच मला सांगितलं. प्रॉक्सीमध्ये तिने माझ्याऐवजी बाबांचं नाव घातलं आहे. “तू फोनवर रडतेस,” म्हणाली.

आमच्या भरलेल्या फॉर्मच्या प्रती मी मंडळाच्या उन्हाळी पिकनिकला घेऊन येते. साक्षीदार तिथे भरपूर मिळतील. पेन मात्र आपापलं आणा.