‘मी चालवली तेव्हा काही झालं नाही!’

बेळगावच्या आमच्या घरासमोर २०११ साली घेतलेली एक डिझेल एसयूव्ही उभी असते. बाबांनी ती निवृत्त होताना घेतली. गेल्या वर्षी तिने दोन खोड्या सुरू केल्या. सकाळी सेल्फ मारत बसायचं, पण लवकर स्टार्ट व्हायची नाही. आणि कधीकधी चालता चालता बंद पडायची.

सहा महिन्यांत तीन गॅरेज झाली. एकाने बॅटरी बदलली, दुसऱ्याने डिझेल फिल्टर, तिसऱ्याने इंजेक्टर साफ केले. प्रत्येक वेळी चार दिवस बरे जायचे, मग पुन्हा तेच. मी पुण्याहून सुट्टीला आलो की गाडी घेऊन कॅम्पात, टिळकवाडीत एक चक्कर मारायचो आणि बाबांना सांगायचो, “मी चालवली तेव्हा काही झालं नाही!” हळूहळू घरात वेगळीच कुजबुज सुरू झाली. बाबांचं वय झालं, क्लच नीट सोडत नसतील. आता किल्ली काढून घ्यावी का?

मग जूनमध्ये आई-बाबा म्हापशाला ताईकडे निघाले. जांबोटी, कणकुंबी मागे पडली. चोर्ल्याच्या उतारावर भर पावसात एका वळणाआधी इंजिन गप्प झालं. क्लच दाबताच स्टिअरिंग जड झालं. बाबांनी ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरला आणि गाडी डोंगराच्या बाजूला लावली. वीस मिनिटांनी ती आपोआप सुरूही झाली. आईने त्या रात्री फोनवर एवढंच सांगितलं, “गाडी विकून टाका.”

मी दोन दिवसांची मुदत मागितली.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. ग्राहक म्हणतो प्रोग्रॅम बंद पडतो, आणि आमचा नवा मुलगा म्हणतो, “माझ्या मशीनवर तर चालतो.” अशा मुलाला मी नेहमी विचारतो, नेमका कधी बंद पडतो? त्याआधी काय चाललं होतं? बाबांना मात्र मी हे एकदाही विचारलं नव्हतं.

विचारल्यावर त्यांनी कपाटातून डायरी काढली. डिझेल कधी भरलं, किती किलोमीटर झाले, हे ते पहिल्या दिवसापासून लिहितात. त्यातच गाडी बंद पडल्याच्या सगळ्या तारखा होत्या. मी त्यांचा तक्ता केला आणि अर्ध्या तासात कळलं की आम्ही सगळेच एक चूक करत होतो. एक आजार समजून औषध देत होतो. आजार दोन होते.

पहिला, सकाळचा. गाडी रस्त्यावर सपाट उभी असली की त्रास नाही. अंगणातल्या चढावर, तोंड वर करून रात्रभर ठेवली की हमखास त्रास. बॅटरी मल्टिमीटरवर १२.६ व्होल्ट दाखवत होती, सेल्फ मारताना दहाच्या खाली जात नव्हती. म्हणजे वीज ठीक होती. मग डिझेल? आमच्या गाडीची टाकी मागे आहे. पाइपात कुठे बारीक हवा शिरत असेल, तर चढावर रात्रभरात डिझेल मागे उतरतं आणि सकाळी पंप हवाच ओढतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारण्याआधी फिल्टरजवळचा हातपंप कडक होईपर्यंत दाबला. गाडी लगेच सुरू! टाकीकडून येणाऱ्या नळीचा एक रबरी तुकडा कडक होऊन चिरला होता. तुकडा आणि दोन क्लिपा, तीनशे रुपयांत काम झालं.

दुसरा आजार धोक्याचा. डायरीतल्या प्रत्येक नोंदीत गाडी तासाभराहून जास्त चाललेली होती. मी शहरात पंधरा मिनिटं फिरवत होतो, मला कुठून दिसणार? आणि बाबांनी लिहिलं होतं: ‘काटा एकदम शून्यावर. गाडी गिअरमध्ये, चालूच.’

हे वाक्य मी दोनदा वाचलं. गाडी गिअरमध्ये धावत असेल तर डिझेल तुटलं तरी चाकं इंजिनाला फिरवत राहतात, आणि आरपीएमचा काटाही वर राहायला हवा. तो शून्यावर पडला, म्हणजे इंजिन फिरतंय ही बातमीच संगणकापर्यंत पोहोचत नव्हती. ती बातमी देतो क्रँक सेन्सर. तो बिघडला की संगणक इंजेक्टर बंद करतो. आतली बारीक तार गरम झाल्यावर तुटते, थंड झाल्यावर पुन्हा टेकते. म्हणून वीस मिनिटांनी सगळं आलबेल.

तरी खात्री हवी होती. रविवारी बाबांना शेजारी बसवून मी जांबोटीच्या रस्त्याला लागलो. सव्वा तासाने गाडी बंद. सेल्फ मारला, इंजिन फिरत होतं, पण मोबाइलला जोडलेल्या स्कॅनरवर आरपीएम शून्य. सेन्सरवर ओलं फडकं ठेवलं, पाच मिनिटांत गाडी सुरू. घरी आल्यावर मिस्त्रींनी सेन्सर बदलला. त्याला दीड हजार लागले. त्याआधीच्या अंदाजपंचे दुरुस्त्यांचा खर्च मी इथे लिहीत नाही, आईही हे मासिक वाचते.

तुमच्याही घरी जुनी गाडी असेल तर गॅरेजला जाण्याआधी चार गोष्टी लिहून ठेवा. सेल्फ फिरतो की नुसता टकटक आवाज येतो? त्रास थंड असताना की गरम झाल्यावर? बंद पडताना गाडी आधी धक्के देते, की दिवा विझावा तशी एकदम थांबते? आणि त्या वेळी काटा कुठे असतो? टकटक असेल तर आधी बॅटरी, तिची टर्मिनल आणि अर्थची तार पाहा. धक्के असतील तर डिझेल आणि फिल्टर. एका वेळी एकच वस्तू बदला, नाहीतर कशाने बरं झालं ते कळत नाही. कॉमन रेल इंजिनाच्या जाड लोखंडी डिझेल नळ्यांना मात्र हात लावू नका. त्यात हजार बारच्या वर दाब असतो, डिझेलची धार कातडीत घुसते.

आणि धावत्या गाडीचं इंजिन बंद पडलं तर ब्रेक पुन्हा पुन्हा मारू नका. बूस्टरमध्ये एक-दोन वेळा पुरेल इतकाच जोर उरलेला असतो. एकदाच घट्ट दाबून धरा. गाडी थांबेपर्यंत किल्ली काढू नका, स्टिअरिंग लॉक होतं. बाबांनी घाटात नेमकं हेच केलं होतं, आणि आम्ही त्यांच्याच किल्लीचा विचार करत होतो.

गाडी विकली नाही. पंधरा वर्षांची होते आहे, त्यामुळे फिटनेस तपासणी करून नोंदणी पुढे न्यायची आहे. गणपतीत आई-बाबा चोर्ल्यातूनच म्हापशाला जाऊन आले. डायरीत त्या दिवशी एवढंच आहे: ‘२६ लिटर. कुठेही थांबली नाही.’