आरोग्यसेवेचा पैसा: कर की वर्गणी?

उपचारांचा खर्च कोणी उचलायचा, या प्रश्नाची दोन उत्तरे भारतापुढे स्वातंत्र्याआधीच मांडली गेली होती. प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये कारखान्यांतील कामगारांसाठी वर्गणीवर चालणारा आरोग्य विमा सुचवला. १९४६ मध्ये भोर समितीने दुसरी वाट दाखवली: सेवा सर्वांना मोफत मिळावी, ऐपतदारांचा वाटा करांतून यावा आणि पैशाअभावी कोणी उपचारांना मुकू नये.

पहिली वाट लवकर रुळली. १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि १९५२ मध्ये कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. कामगाराच्या पगारातून कपात, त्यात मालकाची भर, असा तो हिशोब होता. मात्र शेतमजुराला ना पगारपत्रक, ना कायमचा मालक. भोर समितीची शिफारस खरी त्याच्याच गरजेची होती आणि तिच्याच वाट्याला पुरेसा पैसा आला नाही. गावोगावी प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहिली, पण अनेक ठिकाणी डॉक्टर आणि औषधे दोन्ही अपुरी पडली. रुग्ण खासगी दवाखान्यांकडे वळले. घरातल्या एका आजारपणासाठी जमीन गहाण पडू लागली, ही धोरणाची सर्वांत मोठी हार होती.

एकविसाव्या शतकात राज्यांनी तिसरा मार्ग काढला. पैसा करांचा, पण तो विम्यासारखा कुटुंबाच्या नावे ठेवायचा आणि ठरलेल्या दराने सरकारी वा खासगी रुग्णालयाला द्यायचा. आंध्र प्रदेशात २००७ मध्ये आरोग्यश्री आली. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेवरील कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू लागले. पुढे तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २०१८ मध्ये केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेने ही मर्यादा पाच लाखांवर नेली.

हृदयशस्त्रक्रिया, डायलिसिस, कर्करोग यांत या योजनांनी दिलेला आधार नाकारण्याजोगा नाही. पण त्यांचा भर रुग्णालयातील उपचारांवर आहे. रक्तदाब किंवा मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या आणि अधूनमधूनच्या तपासण्या यांचा खर्च बहुतांशी कुटुंबावरच राहतो, आणि गरीब घराचा महिना त्यानेच कोलमडतो. के. श्रीनाथ रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने २०११ मध्ये करांच्याच पैशातून सर्वांना आरोग्यसेवा देण्याचा आग्रह धरला होता, तो यासाठी.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. त्याच वर्षी सरकारी आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले होते. महाराष्ट्राने २०२३ मध्ये दोन्ही दिशांनी पाऊल टाकले: फुले योजना सर्व रहिवाशांना खुली करण्याचा निर्णय झाला आणि १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार व तपासण्या निःशुल्क झाल्या.