गाठ साधी, पण कागदावर काय लिहिले आहे?

‘ट्युमर’ हा शब्द कानावर पडला की आपल्याकडे घरात रडारड सुरू होते. ट्युमर म्हणजे गाठ, एवढाच त्याचा अर्थ. ती साधी असू शकते, कर्करोगाचीही असू शकते. मेंदूभोवती तीन पदरी आवरण असते. त्या आवरणातून वाढणाऱ्या गाठीला मेनिंजिओमा म्हणतात. हे नाव अमेरिकन मेंदूशल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९२२ मध्ये दिले. यातील बहुतेक गाठी साध्या असतात, फार हळू वाढतात आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतात. त्या मेंदूवर बाहेरून दाब देतात. मग जागेप्रमाणे डोकेदुखी, आकडी, हातापायांत कमजोरी, नजर अधू होणे किंवा वास न येणे असे त्रास होतात.

उपचाराचे काम तज्ज्ञांचे. आज मला बोलायचे आहे ते कागदाविषयी.

काटोलकडच्या एका पन्नाशीच्या बाईंची अशी गाठ नागपुरात शस्त्रक्रियेने निघाली. बाई ठणठणीत झाल्या. त्यांच्या नावावर गंभीर आजारांची विमा पॉलिसी होती. मुलाने फॉर्मवर ‘कॅन्सर’ या रकान्यात खूण केली, कारण डिस्चार्ज कार्डावर नुसते ‘ब्रेन ट्युमर’ लिहिले होते. कंपनीने दावा परत पाठवला. मुलगा फाईल घेऊन माझ्याकडे आला. “डॉक्टरसाहेब, कॅन्सर नाही म्हणून आम्ही पेढे वाटले, अन् आता तेच कारण सांगून पैसे नाही म्हणतात. मंग लिहाचं तरी का?”

पॉलिसी उघडून पाहिली. कॅन्सरखेरीज ‘मेंदूची साधी गाठ’ हा वेगळा आजार तिथे छापलेलाच होता. विमा नियामक प्राधिकरणाने त्याची व्याख्या ठरवून दिली आहे. गाठ कवटीच्या आत, मेंदू, त्याच्या नसा वा आवरण यांत हवी. सीटी किंवा एमआरआयने ती सिद्ध व्हावी. शिवाय शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार झालेला असावा, नाहीतर सलग ९० दिवस टिकलेली कायमची मज्जासंस्थेची हानी असावी. पिट्युटरी ग्रंथीची, कवटीच्या हाडाची आणि मज्जारज्जूची गाठ यातून वगळली आहे. गाठीवर नुसती नजर ठेवली जात असेल, तर या कलमाखाली सहसा काही मिळत नाही. बाईंची शस्त्रक्रिया झालीच होती. योग्य रकाना आणि गाठीचा तपासणी अहवाल जोडून दावा पुन्हा केला आणि तो मंजूर झाला.

रुग्णालये आजाराला जो सांकेतिक क्रमांक देतात, त्याचे महत्त्व इथे कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या वर्गीकरणात मेंदूच्या आवरणाची साधी गाठ ‘डी ३२.०’, मणक्यातील आवरणाची ‘डी ३२.१’ आणि जागा न लिहिलेली ‘डी ३२.९’. आवरणाचा कर्करोग ‘सी ७०’. साधी की घातक हे ठरत नसेल तर ‘डी ४२’. म्हणजे ‘सी’ आणि ‘डी’ या एका अक्षरात कॅन्सर आहे की नाही ते ठरते. डॉक्टरने जागा लिहिली नाही तर क्रमांक देणारा कारकून बिचारा ‘९’ टाकून मोकळा होतो. त्याचा दोष नाही. २०२२ पासून अकरावे वर्गीकरणही आले आहे, परंतु कागदांवर अजून दहाव्याचेच क्रमांक दिसतात.

दुसरी अडचण अधिक चिवट आहे. भरती करताना निवासी डॉक्टर विचारतात, “कधीपासून त्रास?” घाबरलेला नातेवाईक म्हणतो, “लय वर्षांपासून डोकं दुखते हो.” तेच केसपेपरवर उतरते. पुढे विमा कंपनी म्हणते, आजार पॉलिसीच्या आधीपासूनच होता! खोटे सांगा असे मी कधीच म्हणणार नाही. पण नेमके सांगा. चष्म्याच्या नंबरामुळे दुखणारे डोके वेगळे आणि तीन महिन्यांपूर्वी आलेली पहिली आकडी वेगळी. २०२४ च्या नियमांप्रमाणे पॉलिसीपूर्वीच्या ३६ महिन्यांत ज्याचे डॉक्टरने निदान केले, किंवा ज्यासाठी सल्ला वा उपचार घेतला, तोच आधीचा आजार धरला जातो. कंपनी ऐकत नसेल तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करावी, मग विमा लोकपालाकडे जावे. तिथे फी लागत नाही.

‘ग्रेड’ या शब्दानेही गोंधळ होतो. पॅथॉलॉजीच्या अहवालातली ग्रेड १, २ किंवा ३ गाठीचा स्वभाव सांगते; १ म्हणजे साधी. शस्त्रक्रियेच्या नोंदीतली सिम्प्सन ग्रेड, ही १९५७ पासूनची, गाठ किती निघाली ते सांगते. १ म्हणजे पूर्ण, ५ म्हणजे केवळ दाब कमी केला किंवा तुकडा काढला. दोन्ही आकडे हवेत. पाच वर्षांनी एमआरआयमध्ये काही दिसले, तर ते उरलेले की नव्याने आलेले, हे त्यांवरूनच उमगते. एका गृहस्थांनी सिम्प्सनची ‘ग्रेड २’ वाचून तिला कॅन्सरची दुसरी पायरी समजून आठवडाभर अन्न सोडले होते!

अमेरिकेत २००४ पासून मेंदूच्या साध्या गाठींचीही कर्करोगाबरोबर सक्तीने नोंद होते. आपल्या नोंदणी केंद्रांचा भर मात्र कर्करोगावर आहे. त्यामुळे विदर्भात दरवर्षी अशा किती गाठी निघतात, ते त्यांच्या अहवालांवरून कळणे कठीण. मला हे पटत नाही. साध्या गाठीनेही माणूस आंधळा होतो.

तेव्हा घरी येताना डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची नोंद, पॅथॉलॉजीचा अहवाल आणि एमआरआयची सीडी घेऊनच या. कार्डावर गाठीचे पूर्ण नाव, जागा, बाजू आणि ग्रेड आहे का ते तिथेच पाहा. नसेल तर विनंती करून लिहून घ्या; उलटून गेलेल्या महिन्यांनंतर तेच काम चार खेपा घालूनही होत नाही. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार, भरती रुग्णाची कागदपत्रे डॉक्टरने उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायची असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायची असतात. अर्ज लेखी करा आणि पोच घ्या.