युवक-बेकारी व हिंसक उग्रवाद
काम करण्याची इच्छा व क्षमता असूनही तरुणांना काम न मिळणे, या स्थितीस युवक-बेकारी म्हणतात. तर राजकीय उद्दिष्टांसाठी हिंसेचा हेतुपुरस्सर अवलंब करणाऱ्या प्रवृत्तीस हिंसक उग्रवाद असे म्हणतात. या दोहोंत कार्यकारणसंबंध असल्याचे सामान्यतः मानले जाते. तथापि तो सरळ वा अपरिहार्य नाही. श्रीलंकेतील (तत्कालीन सिलोन) १९७१ चा उठाव हे या संबंधाचे बोधप्रद उदाहरण होय.

सिलोनमध्ये १९४५ पासून शिक्षण निःशुल्क झाले व पुढे ते स्वभाषेतून दिले जाऊ लागले. परिणामतः ग्रामीण मुले माध्यमिक शाळांत व विद्यापीठांत मोठ्या संख्येने दाखल झाली. अर्थव्यवस्था मात्र मुख्यत्वे चहा, रबर व नारळ यांच्या निर्यातीवरच अवलंबून राहिली आणि शिक्षितांना अपेक्षित असलेल्या नोकऱ्या पुरेशा निर्माण झाल्या नाहीत. प्रतिष्ठेच्या पदांसाठी इंग्रजीचे महत्त्व टिकून होते. त्यामुळे सिंहली माध्यमातील पदवीधर मागे पडत.

या असंतोषाला संघटित रूप दिले ते रोहन विजेवीरा याने १९६५ मध्ये स्थापन केलेल्या ‘जनता विमुक्ती पेरमुना’ या पक्षाने. पाच व्याख्यानांच्या अभ्यासवर्गांतून तरुणांना त्यांच्या दुरवस्थेचे कारण व क्रांतीचा मार्ग समजावला जाई. ५ एप्रिल १९७१ रोजी या तरुणांनी अनेक पोलीस ठाण्यांवर हल्ले केले. विजेवीरा त्यावेळी तुरुंगात होता. सिरिमाओ बंदरनायके यांच्या शासनाने भारतासह अन्य देशांच्या मदतीने काही आठवड्यांत उठाव मोडून काढला. शासकीय आकड्यानुसार सु. १,२०० लोक मृत्युमुखी पडले. अन्य अंदाज कित्येक हजारांचे आहेत.

गणनाथ ओबेसेकेरे यांनी १०,१९२ संशयितांच्या माहितीचा अभ्यास केला (१९७४). त्यांत ग्रामीण, सिंहली व प्राथमिक शिक्षणापुढे शिकलेल्या तरुणांचे प्राबल्य आढळले. डडली सीअर्स यांच्या नेतृत्वाखालील आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या मंडळानेही १९७१ मध्ये रोजगाराच्या संधी व शिक्षितांच्या अपेक्षा यांतील तफावतीकडे लक्ष वेधले. निव्वळ दारिद्र्यापेक्षा हा अपेक्षाभंगच अधिक स्फोटक ठरला, असे यावरून दिसते.

मात्र बेकारांपैकी फारच थोडे हिंसेकडे वळतात. ॲलन क्रूगर व यित्का मालेच्कोव्हा यांना लेबाननमधील हिजबुल्लाच्या मृत सैनिकांच्या अभ्यासात (२००३) ते सर्वसाधारण लोकसंख्येहून अधिक गरीब वा अशिक्षित असल्याचे आढळले नाही. बेकारीने असंतोष निर्माण होतो; तो हिंसेकडे वळण्यास संघटना, विचारप्रणाली आणि अन्यायाची तीव्र जाणीव यांची जोड लागते.

याच पक्षाने १९८७–८९ मध्ये दुसरा उठाव केला. भारत-श्रीलंका करारास विरोध हे त्याचे तात्कालिक निमित्त होते. त्यात व त्याच्या दमनात हजारो लोक बळी पडले. विजेवीराही मारला गेला. त्यानंतर नेमलेल्या युवक आयोगाने १९९० च्या अहवालात नोकरभरतीतील राजकीय वशिलेबाजीवर बोट ठेवले. तरुणांना नोकरीच्या अभावाइतकीच ती मिळण्यातील अन्यायाची चीड होती. पुढे पक्षाने निवडणुकीचा मार्ग स्वीकारला आणि २०२४ मध्ये त्याचे नेते अनुरा कुमारा दिसानायके मतपेटीद्वारे राष्ट्राध्यक्ष झाले. रोजगारनिर्मितीबरोबरच निःपक्ष नोकरभरती व राजकीय सहभागाची खुली वाट हेही हिंसेला आळा घालणारे उपाय आहेत, हे या इतिहासावरून स्पष्ट होते.