पंधरा पौंडांची मोटार

मोटारगाडी ही मोठी विलक्षण मालमत्ता आहे. जमिनीची किंमत सहसा वाढते, सोन्याची कमी-अधिक होते. मोटारीची मात्र शोरूमच्या फाटकाबाहेर पडताक्षणी उतरू लागते. वाहनकर्जाच्या प्रस्तावांवर काम करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असते. घसाऱ्याचा रकाना दरवर्षी तिचा लचका तोडत राहतो आणि एके दिवशी तिचे मोल केवळ वजनकाट्यावर ठरते. इंग्लंडमधील एका मोटारीने हा संपूर्ण प्रवास सात वर्षांत केला, आणि नंतर उलट दिशेने वाटचाल केली. तिची ही हकीकत.

ऑक्सफर्ड येथे विल्यम मॉरिस यांचा मोटारनिर्मितीचा मोठा व्यवसाय होता. आपली अँबॅसडर, जी २०१४ पर्यंत पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार होत असे, ती याच घराण्यातील मॉरिस ऑक्सफर्डची भारतीय बहीण. कारखान्याखेरीज मॉरिस यांची विक्री आणि दुरुस्तीची एक स्वतंत्र पेढी होती, तिचे नाव मॉरिस गॅरेजेस. १९२२ मध्ये सेसिल किंबर हे तिचे व्यवस्थापक झाले. साध्या, कुटुंबवत्सल मॉरिस गाडीच्या सांगाड्यावर देखणा, ठेंगणा साज चढवून ती वेगाची हौस असणाऱ्यांना विकावी, ही त्यांची कल्पना. पेढीच्या आद्याक्षरांवरून या गाड्यांना एम. जी. हे नाव मिळाले. त्या अक्षरांभोवतीचा प्रसिद्ध अष्टकोन रेखाटला तो पेढीच्याच हिशेबनिसाने! आमच्या व्यवसायातील मंडळींनी एवढा अभिमान बाळगायला हरकत नसावी.

१९२५ च्या आरंभी किंबर यांनी केवळ शर्यतीच्या हेतूने एक दोन आसनी गाडी बांधविली. मॉरिसचा सांगाडा मागच्या बाजूने बदलून घेतला, त्यावर १५४८ घनसेंटिमीटर क्षमतेचे हॉचकिस इंजिन बसविले. खर्च आला २७९ पौंड. मार्चअखेर तिची एफसी ७९०० या क्रमांकाने नोंदणी झाली आणि ईस्टरच्या सुटीत किंबर ती घेऊन लंडन ते लँड्स एंड या स्पर्धेत उतरले. ही वेगाची शर्यत नव्हे. रात्रभर गाडी हाकायची, डेव्हन आणि कॉर्नवॉलमधील छातीवर येणारे कच्चे चढ न थांबता चढायचे आणि वेळेच्या अटी पाळायच्या, ही तिची कसोटी. जे सर्व अटी पूर्ण करतील त्या सर्वांना सुवर्णपदक. किंबर यांना ते मिळाले.

पदक मिळाले आणि गाडीचे काम संपले. भावनेला थारा न देता त्यांनी ती एका स्नेह्यास ३०० पौंडांना विकली. खर्च वजा जाता नफा २१ पौंड!

पुढील सात वर्षांत एम. जी. हे नाव पार बदलून गेले. १९२९ मध्ये ॲबिंग्डन येथे स्वतंत्र कारखाना उभा राहिला, १९३० मध्ये स्वतंत्र कंपनी स्थापन झाली आणि १९३१ मध्ये जॉर्ज आयस्टन यांनी अवघ्या ७५० घनसेंटिमीटर वर्गातील एम. जी. ताशी १०० मैलांच्या पलीकडे नेली. १९३२ मध्ये मात्र जुनी एफसी ७९०० मँचेस्टर परिसरातील एका भंगाराच्या आवारात पडलेली आढळली. अशा आवारात आलेल्या गाडीचे आयुष्य फार नसते. पितळ, तांबे आणि ॲल्युमिनियम निराळे काढले जाते, उपयोगी सुटे भाग विकले जातात आणि उरलेले लोखंड भट्टीकडे जाते. कंपनीने आपली ही जुनी गाडी १५ पौंडांना परत घेतली.

येथे मला एक हिशेब मांडण्याचा मोह आवरत नाही. घटत्या शिलकेच्या पद्धतीने ३०० पौंडांवर दरसाल ३५ टक्के घसारा आकारला, तर सातव्या वर्षअखेर शिल्लक राहते सुमारे १४ पौंड ७० पेन्स (आजच्या दशमान पद्धतीने). भंगारवाल्याने वाणिज्य शाखेचे शिक्षण घेतले नसेल, परंतु त्याचा भाव अगदी चोख होता.

गाडी दुरुस्त झाली, तिला ‘ओल्ड नंबर वन’ हे नाव मिळाले आणि ‘पहिली एम. जी.’ म्हणून ती जाहिरातींतून मिरवू लागली. हे बिरूद खरे नाही. एम. जी. नावाच्या गाड्या त्यापूर्वीच विकल्या जात होत्या. फार तर, केवळ शर्यतीसाठी किंबर यांनी बांधविलेली ही पहिली गाडी, एवढेच म्हणता येईल. माझ्या मते कंपनीने इतके सांगितले असते तरी पुरेसे होते. मोठेपणासाठी वय वाढवून सांगण्याची तिला गरज नव्हती. तिच्या आधीच्या किती भगिनी अशाच आवारांतून भट्टीत गेल्या असतील! ही वाचली, कारण तिचे मोल जाणणारे कोणी वेळेवर भेटले. ब्रिटनमध्ये गाडीचा मालक किंवा गाव बदलले तरी नोंदणी क्रमांक सहसा बदलत नाही, त्यामुळे गंजलेल्या सांगाड्याचीही ओळख पटविता येते.

तिच्या निर्मात्याच्या वाट्याला मात्र असे पुनरागमन आले नाही. १९४१ मध्ये किंबर यांना स्वतः वाढविलेली कंपनी सोडावी लागली. ४ फेब्रुवारी १९४५ रोजी ते लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातून आगगाडीने निघाले. बोगद्यातील चढावर इंजिनाची चाके घसरली, गाडी मागे येऊ लागली आणि तिचा शेवटचा डबा रुळांवरून उतरून सिग्नलच्या कमानीवर आदळला. या अपघातात दोघे मृत्युमुखी पडले, त्यांपैकी एक किंबर होते.

ॲबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला. अष्टकोनी चिन्हाची मालकी पुढे अनेक हातांतून चीनमधील उद्योगसमूहाकडे गेली, आणि २०१९ पासून आपल्या रस्त्यांवरील नव्या गाड्यांवरही ते दिसते. एफसी ७९०० आता वॉरिकशायरमधील गेडन येथील ब्रिटिश मोटार संग्रहालयाच्या संग्रहात आहे. ती विक्रीस नाही.