बायोडाटा अर्जदाराचा, मदत स्वयंसेवकाची

नोकरीसाठी किंवा उच्च शिक्षणासाठी अर्ज करणाऱ्याची पहिली ओळख बहुतेक वेळा त्याच्या बायोडाट्यातून होते. सीव्ही, रेझ्युमे, बायोडाटा अशी नावे असली आणि प्रत्येकाचे संकेत थोडे वेगळे असले, तरी काम एकच. शिक्षण, अनुभव आणि कौशल्ये थोडक्यात अशी मांडायची की वाचणाऱ्याला या माणसाला भेटावेसे वाटावे. हा कागद नीट करून देण्याचे काम आता मोठ्या प्रमाणावर इंटरनेटवरून आणि विनामूल्य चालते. व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामचे गट, लिंक्डइनवरच्या ओळखी, विद्यापीठांतील विद्यार्थ्यांचे उपक्रम यांमधून नुकतीच नोकरी लागलेले किंवा प्रवेश मिळालेले तरुण इतरांचे बायोडाटे वाचतात आणि दुरुस्त्या सुचवतात. ते पैसे घेत नाहीत, या कामाचे रीतसर प्रशिक्षणही बहुधा त्यांच्याकडे नसते. त्यांनी ही मदत करावी का आणि करावी तर कुठवर, हा प्रश्न अर्जदाराइतकाच निवड करणाऱ्यांच्याही हिताचा आहे.

मदतीची गरज

बायोडाटा तयार करताना दुसऱ्याची मदत घेणे नवे नाही. इ.स. १४८२च्या सुमारास लिओनार्दो दा विंची याने मिलानचा सत्ताधीश लुडोविको स्फोर्झा याच्याकडे काम मागण्यासाठी तयार केलेले पत्र बायोडाट्याचा आद्य नमुना म्हणून ओळखले जाते. सहज वाहून नेता येणारे पूल, तोफा, वेढ्याच्या वेळी उपयोगी पडणारी साधने अशी लष्करी कौशल्ये त्यात क्रमाने सांगितली आहेत. चित्रकलेचा उल्लेख शेवटी येतो, कारण युद्धात गुंतलेल्या सत्ताधीशाला आधी काय वाचायचे असेल याचा विचार त्या क्रमामागे आहे. ‘कोडेक्स अटलांटिकस’ या संग्रहात या पत्राचा जो मसुदा टिकून आहे, तो लिओनार्दोच्या हस्ताक्षरात नाही. कौशल्ये त्याची होती, लेखणी दुसऱ्या कुणाची होती.

आज ही मदत सर्वांना सारखी मिळत नाही. मोठ्या शहरातील अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्लेसमेंट सेलमध्ये बायोडाट्याचा नमुना तयार मिळतो. घरात कोणी कंपनीत नोकरीला असेल तर तो मसुदा वाचून देतो. कुटुंबातून पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचलेल्या मुलामुलींना यातले काहीच मिळत नाही. बायोडाट्याचे बरेचसे नियम कुठे लिहिलेले नसतात, ही त्यातली खरी अडचण आहे. भारतात वडिलांचे नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती आणि शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’ अशी घोषणा देण्याची पद्धत अजून रूढ आहे. अमेरिकेतील कंपनीला पाठवायच्या रेझ्युमेमध्ये फोटो, वय आणि वैवाहिक स्थिती देत नाहीत. अनेक मोठ्या कंपन्या अर्जांची पहिली छाननी संगणकप्रणालीच्या साहाय्याने करतात. दोन रकाने, तक्ते किंवा चित्रे असलेली मांडणी अशा प्रणालीला नीट वाचता येईलच असे नाही. लायकी असूनही अर्ज मागे पडतो आणि कारण अर्जदाराला कधीच कळत नाही.

समवयस्क काय देऊ शकतो

अशा वेळी समवयस्क स्वयंसेवकाच्या दोन गोष्टी उपयोगी पडतात. त्याचा अनुभव ताजा असतो. कोणत्या कंपनीने मुलाखतीत काय विचारले, कोणत्या अभ्यासक्रमासाठी कोणता प्रकल्प लक्षात घेतला गेला, हे त्याला अलीकडेच कळलेले असते. शिवाय तो सारख्याच परिस्थितीतून आलेला असेल, तर अर्जदाराने क्षुल्लक समजून गाळलेल्या गोष्टींचे मोल तो ओळखतो.

समजा, वाणिज्य शाखेच्या एखाद्या विद्यार्थिनीने अनुभवाच्या रकान्यात ‘गावातील दूध संकलन केंद्रावर काम’ एवढेच लिहिले आहे. दुग्धव्यवसायाशी परिचित असलेला स्वयंसेवक तिला विचारेल: रोज किती उत्पादकांचे दूध येत होते? दुधातील फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांश वगळता उरणारे घनपदार्थ) यांची नोंद कोण करत होते? दहा दिवसांचे बिल कोण काढत होते? नोंदी वहीत होत्या की संगणकावर? या उत्तरांतून तीच ओळ अशी होऊ शकते: ‘दूध संकलन केंद्रावर दोन वर्षे ऐंशी उत्पादकांच्या दैनंदिन नोंदी ठेवल्या, दर दहा दिवसांची बिले तयार केली आणि वहीतील हिशेब एक्सेलमध्ये आणला.’ यात एकही गोष्ट वाढवून सांगितलेली नाही. हिशेबनीस शोधणाऱ्या कंपनीला मात्र आता काहीतरी कळते. स्वयंसेवकाचे खरे काम असे प्रश्न विचारण्याचे आहे. व्याकरण आणि शब्दलेखन सुधारणारी साधने आता सहज मिळतात, पण अर्जदाराने काय सांगायचे राहून गेले आहे हे त्याचे जग ठाऊक असलेल्या माणसाला अधिक लवकर समजते.

ही मदत संघटितपणेही देता येते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागातील विद्यार्थी उपेक्षित गटांतून येणाऱ्या पीएचडी अर्जदारांचे उद्देशपत्र आणि सीव्ही वाचून अभिप्राय देतात. एमआयटीच्या विद्युत अभियांत्रिकी व संगणकशास्त्र विभागातील विद्यार्थ्यांचाही असाच उपक्रम आहे. महाराष्ट्रात राजू केंद्रे यांनी उभी केलेली एकलव्य ही संस्था शिक्षणात पहिल्याच पिढीत आलेल्या विद्यार्थ्यांना देश-परदेशातील नामवंत संस्थांपर्यंत पोहोचवण्यासाठी काम करते. आधी वाट काढलेल्यांनी मागून येणाऱ्यांना अर्जाची रीत समजावून द्यायची, हा अशा सर्व कामांमागचा समान विचार आहे.

आक्षेप आणि पुरावे

या मदतीवरचा पहिला आक्षेप असा की सुधारलेला बायोडाटा अर्जदाराची खरी पात्रता झाकतो. लेखनातील नेटकेपणा ही निवड करणाऱ्याच्या दृष्टीने एक खूण असते आणि दुसऱ्याने लिहून दिले की ती खूण खोटी ठरते, असे त्यामागचे म्हणणे आहे. एमा वाइल्स, झानेले मुन्यिक्वा आणि जॉन हॉर्टन या संशोधकांनी एका ऑनलाइन श्रमबाजारात सुमारे पाच लाख अर्जदारांवर याची परीक्षा केली. काही अर्जदारांना बायोडाट्याचे लेखन सुधारणारे संगणकीय साधन देण्यात आले, इतरांना नाही. साधन मिळालेल्यांना काम मिळण्याचे प्रमाण सुमारे ८ टक्क्यांनी अधिक होते, आणि त्यांना काम देणारे कमी समाधानी असल्याचा पुरावा आढळला नाही. हा प्रयोग संगणकीय मदतीचा होता, माणसांच्या नव्हे. तरीही त्यातून एक गोष्ट दिसते: स्पष्ट लेखनामुळे पात्रता झाकली जाण्यापेक्षा ती वाचणाऱ्यापर्यंत पोहोचणे सोपे होते. जिथे लेखन हेच नोकरीचे मुख्य काम आहे, तिथे मात्र या आक्षेपात तथ्य उरते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जागा मर्यादित असतील तर एकाला मदत मिळाल्याने दुसरा मागे पडतो. एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रान्समधील सुशिक्षित बेरोजगार तरुणांना दिल्या जाणाऱ्या नोकरी-साहाय्याचा अभ्यास करून २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. मदत मिळालेल्यांचा फायदा काही काळापुरता होता आणि त्यातला काही भाग मदत न मिळालेल्यांच्या संधी कमी होऊन आलेला होता. बायोडाटा सुधारल्याने नव्या नोकऱ्या निर्माण होत नाहीत, ही मर्यादा मान्य करावीच लागते. म्हणूनच मदत कोणाला मिळते याला महत्त्व येते. प्लेसमेंट सेल आणि नातेवाइकांचे पाठबळ असलेल्याला आणखी एक वाचक मिळाल्याने विषमता वाढेल. ज्याला कोणीच वाचून दिलेले नाही, त्याच्यापर्यंत मदत पोहोचली तर ही विषमता कमी होईल.

काही अडथळे बायोडाट्याच्या मांडणीने दूर होणारे नसतात. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना समान पात्रतेचे, पण वेगवेगळ्या आडनावांचे अर्ज पाठवले होते. पुढच्या टप्प्यासाठी बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला सुमारे दोन-तृतीयांश, तर मुस्लीम नावाला सुमारे एक-तृतीयांश होती. कागद सारखाच असताना नावावरून फरक पडत असेल, तर तिथे सुधारणेची जबाबदारी कंपनीवर येते. नकारासाठी प्रत्येक वेळी अर्जदाराच्या बायोडाट्याला दोष देणारा सल्ला अशा वेळी अन्यायकारक ठरतो.

मदतीच्या मर्यादा

चुकीचा सल्ला हा रोजच्या व्यवहारातला धोका आहे. सॉफ्टवेअर क्षेत्रात चालणारी एक पानाची मर्यादा प्राध्यापकपदाच्या सीव्हीला लागू होत नाही, कारण तिथे शोधनिबंधांची पूर्ण यादी लागते. सरकारी भरतीत तर विहित नमुन्याबाहेरच्या मांडणीला अर्थच नसतो. त्यामुळे स्वयंसेवकाने आपण कोणत्या क्षेत्रातले आहोत हे आधीच सांगावे आणि माहीत नसलेल्या क्षेत्राचा अर्ज जाणकाराकडे पाठवावा. अर्जदारानेही चार जणांचे चार सल्ले एकाच कागदात कोंबू नयेत.

दुसरी मर्यादा सचोटीची. क्रम बदलणे, मोघम वाक्य नेमके करणे, चुका दाखवणे ही मदत झाली. न केलेले काम जोडणे, सहभागाला नेतृत्व म्हणणे, जुजबी ओळख असलेल्या संगणकभाषेत ‘प्रावीण्य’ लिहिणे ही फसवणूक आहे, आणि मुलाखतीत तिचा भार एकट्या अर्जदारावर पडतो. प्रत्येक ओळीवर पाच मिनिटे बोलता येईल का, ही साधी कसोटी त्यासाठी पुरेशी आहे. शेवटचा मसुदाही अर्जदारानेच लिहावा, म्हणजे पुढचा अर्ज करताना त्याला पुन्हा कोणाची वाट पाहावी लागत नाही.

तिसरी मर्यादा खासगीपणाची. बायोडाट्यात फोन क्रमांक, पत्ता, जन्मतारीख असा मजकूर असतो आणि नोकरीच्या आमिषाने पैसे उकळणाऱ्यांना नेमके हेच हवे असते. भारताचा २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी वापरलेल्या माहितीला लागू होत नाही. त्यामुळे एखाद्या गटात टाकलेला बायोडाटा पसरला तर कायद्याचा आधार मिळेलच, असे गृहीत धरता येत नाही. अभिप्रायासाठी पाठवायच्या प्रतीतून असा तपशील आधी काढून टाकावा आणि काम झाल्यावर स्वयंसेवकाने ती प्रत पुसून टाकावी. नोकरीची हमी देणारा किंवा शुल्क मागणारा माणूस स्वयंसेवक नसतो, हेही अर्जदाराने लक्षात ठेवावे.

या मर्यादा पाळल्या तर ऑनलाइन समवयस्क स्वयंसेवकांनी अर्जदारांना मदत करावी, असे ठामपणे म्हणता येते. ही मदत ज्यांना घरात किंवा महाविद्यालयात मिळत नाही त्यांच्यासाठी आधी असावी, प्रश्नांच्या रूपाने असावी आणि खरे तेवढेच मांडणारी असावी. महाविद्यालयांनीही आपल्या माजी विद्यार्थ्यांना या कामासाठी जोडून घ्यायला हवे. त्यासाठी लागणारा खर्च थोडा आहे आणि गरज मोठी आहे.