काळी मेंदी, टिकली आणि ‘नैसर्गिक’चा शिक्का

‘नैसर्गिक आहे, त्यानं काय होतंय?’ असं म्हणणाऱ्यानं बिब्बा आठवावा. कपड्यांवर खुणा करायला धोबी पूर्वी बिब्ब्याचं तेल वापरत. खूण कितीही धुतली तरी जात नसे, आणि ती जिथे अंगाला लागे तिथे, मानेवर नाहीतर कमरेवर, खाजरे फोड उठत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांना हा त्रास झाला, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी तो ‘धोबी मार्क डर्मटायटिस’ या नावाने नोंदवून ठेवला. बिब्बा, काजू आणि आंबा एकाच कुळातले. आंब्याचा चीक ओठाच्या कडेला कसे फोड आणतो, हे कोकणात शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. देशावर गाजरगवत आहेच. त्याच्या हवेत उडणाऱ्या कणांनी शेतात राबणाऱ्यांच्या चेहऱ्या-मानेची कातडी जाड आणि काळपट होते. यातलं काहीही कारखान्यात तयार झालेलं नाही.

सुगंधी तेलांचंही तेच. संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन किंवा लव्हेंडरमधलं लिनॅलूल ताजं असताना फारसा त्रास देत नाही. हवा लागून त्याचं ऑक्सिडीकरण झालं, की तेच अ‍ॅलर्जीचं ठळक कारण बनतं. ‘शंभर टक्के शुद्ध’ लिहिलेली, पण वर्षभर अर्धवट उघडी राहिलेली बाटली म्हणूनच भरवशाची नव्हे.

आता मेंदी. पाल्याच्या मेंदीची अ‍ॅलर्जी क्वचितच होते. तिचा रंग केशरी-लाल ते तपकिरी, आणि तोही हात तासन्‌तास धरून ठेवल्यावर चढतो. अर्ध्या तासात कुळकुळीत काळी रंगणारी ‘काळी मेंदी’ ही मेंदी म्हणायची सोय आहे. तो रंग बहुधा पॅराफेनिलीनडायअमिनचा, म्हणजे केस काळे करण्याच्या डायमधला पीपीडी. युरोपात हा पदार्थ केसांच्या डायमध्ये मिश्रणानंतर जास्तीत जास्त 2 टक्के चालतो, कातडीवर नक्षी काढायला मुळीच नाही. जत्रेत लहान मुलाच्या दंडावर विंचू काढून देताना कोणी टक्के मोजत नाही. आणि फोड बरे झाले म्हणजे प्रकरण संपलं, असंही नाही. शरीर पीपीडी ओळखायला शिकलं, की ती ओळख सहसा जन्मभर टिकते. तेच मूल पुढे पस्तिशीत पहिल्यांदा केस रंगवतं आणि सकाळी डोळे उघडत नाहीत, इतक्या पापण्या सुजतात. हेअर डायची अ‍ॅलर्जी डोक्यापेक्षा पापण्यांवर आणि कानांमागे आधी दिसते, कारण टाळूची कातडी जाड आणि पापणीची पातळ. नेलपॉलिशची अ‍ॅलर्जीसुद्धा बोटं सोडून पापणीवर उठते, ती बोटं डोळ्यांना लागतात म्हणून. बिचारं काजळ उगाच बदनाम होतं.

‘पण मी वीस वर्षं हाच डाय लावतेय!’ हा युक्तिवाद त्वचारोगतज्ज्ञांना रोज ऐकावा लागत असेल. संपर्काची अ‍ॅलर्जी पहिल्या दिवशी होतच नाही. आधी प्रतिकारशक्तीच्या पेशी तो पदार्थ ओळखू लागतात. याला काही दिवस लागतील किंवा काही वर्षं. त्यानंतर मात्र थोडासा पदार्थही पुरतो आणि पुरळ उठतं एक-दोन दिवसांनी. म्हणून आज उठलेल्या पुरळाचा आरोपी आज लावलेल्या क्रीममध्ये शोधू नये, परवाच्या दिवसात शोधावा. भांड्यांच्या साबणानं हात फुटतात ते वेगळं. ती सरळ कातडीची झीज, पुरेसा साबण लागला तर कोणाचीही होईल.

सगळ्यात जास्त मनस्ताप देणारा गैरसमज टिकलीचा. कपाळावर टिकलीएवढा पांढरा डाग दिसला की घरात ‘कोड’ हा शब्द कुजबुजला जातो आणि लग्नाळू मुलगी असेल तर तोंडं उतरतात. अनेकदा कारण टिकलीच्या गोंदातलं पॅरा-टर्शरी-ब्युटाइलफिनॉल असतं. ते रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींनाच मारतं. रबरी चपलेच्या पट्ट्याखाली त्याच आकाराचा पांढरा पट्टा उमटतो, तो याच जातीचा. डागाचा आकार वस्तूच्या आकाराशी जुळतो का, हे आधी पाहावं आणि वस्तू लगेच बंद करावी. उपचारांनी रंग बऱ्याचदा परततो, पण नेहमीच नाही; उशीर केला तर डाग पसरूही शकतो. आणि खरोखरचं कोड असलं, तरी ते स्पर्शानं कोणाला होत नाही.

लेबलांवर फार विसंबू नये. ‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’ला व्याख्या असावी म्हणून अमेरिकेच्या एफडीएनं 1975 साली नियम केला, कंपन्या न्यायालयात गेल्या आणि 1977 मध्ये तो रद्द झाला. तेव्हापासून तिथे हा शब्द कंपनी म्हणेल तो अर्थ घेतो. पॅराबेन्स या संरक्षकांची गोष्ट तर मजेशीर आहे. ‘पॅराबेन-फ्री’ची लाट आली तेव्हा त्यांच्या जागी वापरल्या गेलेल्या संरक्षकांपैकी एक होतं मिथाइलआयसोथायाझोलिनोन. त्यानं युरोपात अ‍ॅलर्जीची साथच आणली आणि 2017 पासून अंगावर राहणाऱ्या क्रीममध्ये त्यावर तिथे बंदी आली. अमेरिकेतल्या संपर्क-त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं त्याला 2013 साली ‘वर्षातला अ‍ॅलर्जीकारक’ ठरवलं होतं. 2019 साली तोच मान पॅराबेन्सना मिळाला, पण ‘अ‍ॅलर्जीकारक नसलेला’ म्हणून!

महाग म्हणजे निर्धोक, हेही खरं नाही. सोन्याच्या मुलाम्याखाली अनेकदा निकेल असतं. मुलामा झिजला आणि घाम लागला की ते कातडीत उतरतं. जीन्सचं बटण आणि सेफ्टी पिनही याच यादीत.

रक्ततपासणीत ही अ‍ॅलर्जी सापडत नाही. त्यासाठी पॅच टेस्ट असते. योझेफ याडासोन यांनी 1895 साली मांडलेली ही पद्धत आजही मुळात तीच आहे: संशयित पदार्थ पाठीवर 48 तास चिकटवायचे, मग दोनदा पाहायचं, पट्टी काढल्यावर आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी. तपासणीला जाताना वापरातल्या सगळ्या वस्तू खोक्यांसकट घेऊन जा, त्यावरची घटकांची यादी डॉक्टरांना लागते. आणि तोवर औषधाच्या दुकानातून विचारून आणलेलं स्टिरॉइडचं मलम चेहऱ्याला लावू नका.